जावाची इर्जिक

२००३ सालची दिवाळी. भाऊबीजेला मी पुण्याला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झालं, फराळ झाला, पण भाचा काही खोलीबाहेर येईना. बहीण म्हणाली, "दादा, तूच बघ आता. दोन दिवस झाले, त्या कॉम्प्युटरसमोरून हलत नाही. अभ्यंगस्नानसुद्धा आठ वाजता केलं!"

आत गेलो. साहेब डोकं धरून बसले होते. म्हणाला, "मामा, हा जावाचा प्रोग्रॅम विंडोजवर चालतो. जुन्या लिनक्सवर चालतो. या नव्या लिनक्सवर सुरू होतो आणि गप्प बसतो. चूक काय तेही सांगत नाही."

मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर. मला त्यातलं काही कळलं नाही. पण काही न बोलता गप्प बसणारा विद्यार्थी सगळ्यात अवघड, एवढं मात्र अनुभवाने ठाऊक होतं.

रात्री त्याने आंतरजालावरच्या अनोळखी लोकांना उद्देशून एक प्रश्न लिहिला. तासभर लिहीत होता. कोणती जावा, कोणतं लिनक्स, काय करून पाहिलं, कशाने काय झालं, सगळं मुद्देसूद. सकाळी उत्तर आलेलं होतं. एका ओळीचं! ती ओळ टाकली आणि प्रोग्रॅम सुरू झाला. घरात दिवाळी खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाली म्हणा ना.

मी विचारलं, "कोण रे हा?"

"माहीत नाही."

"आभार मानलेस का त्याचे?"

"मामा, तिथे सगळे असंच करतात. कोणी एवढं मनावर घेत नाही," म्हणून तो चिवड्याकडे वळला.

मला ते काही पटलं नाही. पण सणाच्या दिवशी वाद कशाला, म्हणून गप्प राहिलो.

पुढे मी निवृत्त झालो. घरातल्या जुन्या संगणकावर भाच्यानेच लिनक्स घालून दिलं. वेळ भरपूर होता, आणि इतिहासाच्या मास्तराला जुनी कागदपत्रं दिसली की राहवत नाही. हळूहळू वाचत गेलो आणि त्या एका ओळीच्या मागे केवढी माणसं उभी होती ते कळलं. त्यांचीच ही गोष्ट. माझ्यासारख्या बी.ए. माणसाला समजेल अशाच भाषेत सांगतो. नातेवाईक मंडळींनो, घाबरू नका!

जावा ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा. अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. काम १९९१मध्ये सुरू झालं, भाषा जाहीर झाली मे १९९५मध्ये. तिचं वैशिष्ट्य असं की, प्रोग्रॅम एकदा लिहायचा आणि तो कुठल्याही यंत्रावर चालायचा. हे कसं जमतं? तर प्रोग्रॅमचं भाषांतर थेट यंत्राच्या भाषेत होत नाही. ते एका मधल्या भाषेत होतं, आणि प्रत्येक यंत्रावर बसलेला एक दुभाषा ती मधली भाषा त्या यंत्राला समजावून सांगतो.

म्हणजे सगळा भरवसा दुभाष्यावर. ज्या गावात दुभाषा नाही, तिथे जावा मुकी.

लिनक्सची गोष्ट वेगळी. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. आपण हौसेने एक संचालन प्रणाली लिहीत आहोत, असं त्याने ऑगस्टमध्ये जगाला कळवलं. जगभरच्या लोकांनी त्यात हात घातला. १९९२मध्ये त्याने ती जीपीएल या परवान्याखाली दिली. म्हणजे कोणीही वापरा, उघडून बघा, बदला, वाटा. मात्र बदललेलं वाटाल तेव्हा तेही याच अटीवर वाटा.

१९९६च्या जानेवारीत जावाची पहिली पूर्ण आवृत्ती आली, तेव्हा सनने दुभाषा दिला तो स्वतःच्या सोलारिसला आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोजला. लिनक्सला नाही. लिनक्सवाले तेव्हा बरेचसे विद्यार्थी नि हौशी लोक. त्यांच्यासाठी कोण खर्च करणार?

मग जे झालं ते आपल्याकडच्या खेड्यातल्या माणसाला लगेच कळेल. त्याला आपण इर्जिक म्हणतो. शहरातल्या नातवंडांसाठी सांगतो. एखाद्या शेतकऱ्याचं रान नांगरायचं राहिलं असेल, बैल कमी पडत असतील, तर गावातले लोक आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरतात. मजुरी नाही. ज्याचं रान, त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. आणि दुसऱ्याची पाळी आली की आपले बैल घेऊन जायचं. माझ्या लहानपणी आमच्या रानात अशी इर्जिक झालेली मी पाहिली आहे.

रँडी चॅपमन या माणसाने १९९६मध्ये जावाचा दुभाषा लिनक्सवर आणला. कार्ल आशा हेही त्यात होते. या कामाला ब्लॅकडाउन हे नाव पडलं. पुढे स्टीव्ह बर्न, युर्गेन क्राइलेडर, केव्हिन हेंड्रिक्स, योहान वोस अशी मंडळी त्यात आली. कोणी कुठल्या देशात, कोणी कुठल्या. हेंड्रिक्स यांनी पॉवरपीसी जातीच्या यंत्रांसाठी काम केलं. सनकडून त्यांना जावाचा मूळ मजकूर मिळाला होता, पण एका अटीवर, की तो बाहेर कोणाला दाखवायचा नाही. म्हणजे रान दुसऱ्याचं, नांगरट आपली, आणि नांगरताना कुंपणाबाहेरच्या कोणाला आत घ्यायचं नाही. अशी ही विचित्र इर्जिक!

तरी ती चालली. कारण कुंपणाबाहेरचे लोकही काम करतच होते. वापरणारे अडचणी कळवत, एकमेकांच्या सोडवत. त्या अडचणी वाचताना मला आमच्या शाळेतले वर्ग आठवले. सगळ्यात जास्त प्रश्न सगळ्यात साध्या गोष्टींचे!

उदाहरणार्थ, विंडोजवर फाइलचं नाव पहिलं अक्षर मोठं लिहा की छोटं, फरक पडत नाही. लिनक्सला पडतो. विंडोजवर नीट चाललेला प्रोग्रॅम लिनक्सवर आला की म्हणायचा, फाइल सापडत नाही. पोरं रात्र रात्र शोधत बसायची, आणि चूक एका अक्षराची. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक न मानणाऱ्याला मी जे सांगायचो, तेच तिथले लोक सांगत होते.

दुसरी मोठी अडचण १९९७-९८च्या सुमाराची. लिनक्सच्या पोटात सगळ्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या कामांचा एक संग्रह असतो. तो त्या काळात जुन्यातून नव्यात जात होता. कोणाच्या यंत्रावर जुना, कोणाच्या यंत्रावर नवा. ब्लॅकडाउनला एकाच जावाच्या दोन-दोन प्रती काढाव्या लागत. चुकीची प्रत घेतली की काही चालायचं नाही. म्हणून मदत करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, 'तुझ्याकडे काय काय आहे ते आधी नीट सांग.'

आणि प्रोग्रॅम गप्प बसला तर? त्यावरही एक उपाय होता, तो आजही आहे. कंट्रोलचं बटण दाबून उलटी तिरपी रेघ दाबायची. मग तो दुभाषा आपला कोणता भाग कुठे अडकून बसला आहे याची यादीच बाहेर टाकतो. ती यादी प्रश्नासोबत पाठवायची. गप्प विद्यार्थ्याला बोलतं करण्याची ही युक्ती मला फार आवडली. निवृत्तीपूर्वी माझ्याकडे अशी असती तर!

तर आता भाच्याच्या त्या गोष्टीकडे येतो.

जावाचा प्रोग्रॅम एका वेळी अनेक कामं करतो. त्या प्रत्येक कामाला धागा म्हणतात. लिनक्सवरच्या सुरुवातीच्या जावामध्ये हे धागे दुभाषाच आतल्या आत सांभाळायचा. त्यांना हिरवे धागे म्हणत. एकच आचारी चार पातेली फिरून फिरून ढवळतो, तसं. नंतर खरे धागे आले, म्हणजे चार पातेल्यांना चार आचारी. पण लिनक्समध्ये धाग्यांची जुनी व्यवस्था कामचलाऊ होती. उलरिक ड्रेपर आणि इंगो मोल्नार यांनी नवी, चांगली व्यवस्था लिहिली, आणि २००३मध्ये ती लोकांच्या यंत्रांवर पोहोचू लागली.

व्यवस्था चांगलीच होती. पण जुना दुभाषा जुन्या चालीरीती गृहीत धरून बसलेला. शाळेत नवं वेळापत्रक लागावं आणि एका जुन्या सरांनी जुन्याच वेळापत्रकाप्रमाणे वर्गावर जावं, तसं झालं. दोन वर्ग समोरासमोर उभे, कोणी कोणाला आत जाऊ देईना, आणि चूक तशी कोणाचीच नाही! भाच्याच्या ग्राहकाकडे जुनी जावा होती, त्यामुळे ती बदलणं त्याच्या हातात नव्हतं. त्या अनोळखी माणसाने दिलेली ओळ एवढंच म्हणत होती, 'या एका प्रोग्रॅमपुरतं लिनक्स जुनं आहे असं समज आणि जुनी व्यवस्था वापर.' सरांना म्हणायचं, सर, तुमच्यापुरतं जुनंच वेळापत्रक. संपलं भांडण.

एका ओळीचं उत्तर, पण ते देणाऱ्याला हा सगळा इतिहास ठाऊक असणार. नाहीतर ती ओळ सुचत नाही.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात लागलेला भाग सांगतो. १९९८-९९पर्यंत लिनक्सला चांगले दिवस आले. लिनक्ससाठी जावा द्या, म्हणून सनकडे लोकांची मागणी वाढली. डिसेंबर १९९९मध्ये सनने इनप्राइझ या कंपनीच्या जोडीने मोठ्या थाटात जाहीर केलं, की आम्ही लिनक्ससाठी जावा २ देत आहोत. आणि त्या निवेदनात ब्लॅकडाउनचं नावच नव्हतं! तीन वर्षं ज्यांनी पदरमोड करून रान नांगरलं, ज्यांच्या कामावर ही नवी जावा उभी होती, त्यांचा साधा उल्लेखही नाही.

स्नेहसंमेलनाचं सगळं काम एका शिक्षकाने करायचं आणि आभारप्रदर्शनात त्याचंच नाव गळायचं, हे मी पाहिलेलं आहे. सांगणारा म्हणतो, "चुकून राहिलं हो!" चुकूनच राहतं बहुतेक वेळा. पण ज्याचं राहतं त्याला ते आयुष्यभर राहतं.

ब्लॅकडाउनची माणसं दुखावली आणि त्यांनी ते उघड बोलून दाखवलं. लिनक्सच्या जगात ओरड झाली. सनने जाहीर माफी मागितली आणि ब्लॅकडाउनच्या कामाचं श्रेय मान्य केलं. हे सनच्याही बाजूने सांगितलं पाहिजे. चूक कबूल करायला मोठ्यांना जास्त जड जातं. पुढे २०००मध्ये आलेल्या १.३ या आवृत्तीपासून सन स्वतःच लिनक्सला जावा देऊ लागलं.

पण ते कुंपण राहिलंच होतं. मूळ मजकूर सनचा, तो कोणाला वाटता येत नव्हता. ज्या लिनक्सवाल्यांना हे मान्य नव्हतं, त्यांनी दुसरीच इर्जिक मांडली. सनच्या रानात पाऊलच टाकायचं नाही, आपलं नवं रान काढायचं. टिम विल्किन्सन यांनी १९९६मध्ये काफे नावाचा स्वतंत्र दुभाषा काढला. १९९८मध्ये ग्नू क्लासपाथ सुरू झालं. जावाबरोबर येणारा सगळा संग्रह सनचा मजकूर न बघता पुन्हा लिहायचा, हे त्याचं उद्दिष्ट. ज्याने सनचा मजकूर पाहिला आहे, त्याने यात लिहायचं नाही, असा नियम! गाइड न उघडता पेपर लिहायचा आणि उत्तर मात्र गाइडशी तंतोतंत जुळलं पाहिजे. हे काम वर्षानुवर्षं चाललं. मार्क विलार्ड यांनी ते पुष्कळ काळ सांभाळलं.

याचा वापरणाऱ्यांना त्रासही व्हायचा. काही लिनक्समध्ये 'जावा' म्हटलं की सनची जावा उठण्याऐवजी ही अपुरी राहिलेली दुसरी उठायची, आणि चालू प्रोग्रॅम अचानक रुसायचे. म्हणून तेव्हा प्रत्येक प्रश्नाला पहिलं उत्तर असे, 'आधी बघ, तुझी जावा कोणती ते.' रिचर्ड स्टॉलमन यांनी एप्रिल २००४मध्ये लेख लिहून इशारा दिला, की तुमचा प्रोग्रॅम मुक्त असला तरी तो बांधलेल्या जावावर उभा असेल तर तुम्ही सापळ्यात आहात. कटू वाटलं अनेकांना. पण खोटं नव्हतं.

शेवटी १३ नोव्हेंबर २००६ रोजी सनने जावा जीपीएलखाली खुली करत असल्याचं जाहीर केलं. दुभाषा आणि भाषांतर करणारा भाग त्याच दिवशी, बाकीचं मे २००७मध्ये. पण सगळं सनच्या मालकीचं नव्हतं. सुमारे चार टक्के भाग दुसऱ्यांचा होता, तो उघडता येईना. त्यात एक होता अक्षरं काढणारा भाग. इथे मराठी माणसाचा कान टवकारतो! जावाच्या सुरुवातीच्या काळात पडद्यावर देवनागरी आणायची म्हणजे आपल्या अक्षरांऐवजी रिकामे चौकोन बघायचे. हिंदीसाठी जोडाक्षरं जुळवण्याची सोय आली ती २००२च्या १.४ या आवृत्तीत. लिनक्सवर मुक्तपणे वापरता येतील अशा टंकांची उणीव होती, ती २००४च्या सुमारास लोहित या टंकसंचाने बरीच भरून काढली. रेड हॅट कंपनीने तो पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून घेऊन खुला केला. लोहित म्हणजे तांबडा, हे सांगायला संस्कृतचा मास्तर लागत नाही.

तर ती राहिलेली चार टक्के जमीन. जून २००७मध्ये रेड हॅटने आइस्डटी नावाचं काम सुरू केलं. जावा म्हणजे कॉफी, म्हणून हा गार चहा! जिथे जिथे भोक होतं, तिथे क्लासपाथचं ठिगळ लावायचं. सनचा मजकूर न बघता ज्यांनी दहा वर्षं लिहिलं, त्यांचं लेखन आता सनच्याच जावाच्या फाटक्या जागी बसलं. अक्षरं काढायला फ्रीटाइप आलं, रंगांसाठी दुसरं काही. एकेक करत जून २००८मध्ये फेडोरा ९ या लिनक्समधली ही मुक्त जावा सनच्या अधिकृत परीक्षेत पास झाली.

ब्लॅकडाउन मात्र ऑगस्ट २००७मध्ये बंद झालं होतं. त्यांची गरज उरली नव्हती. २०१०च्या जानेवारीत ओरॅकलने सन विकत घेतली आणि सन हे नावही गेलं. पण ओपनजेडीके ही खुली जावा राहिली. २०१९मध्ये ओरॅकलने आपल्या जावाच्या परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हा कितीतरी लोक सरळ तिच्याकडे वळले. जायला जागा होती म्हणून गेले. ती जागा कोणी कोणी नांगरून ठेवली होती, ते वर सांगितलंच.

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला होता. आता त्याचेही केस पिकलेत. मी पुन्हा तोच प्रश्न काढला. "त्या २००३च्या माणसाचं नाव आठवतं का रे?"

तो हसला. मग जरा गंभीर झाला. म्हणाला, "नाही मामा. आणि ती जागाही आता शिल्लक नाही. शोधलं मी एकदा." थोड्या वेळाने म्हणाला, "पण तेव्हापासून आठवड्यातून दोन रात्री मी लोकांच्या प्रश्नांची उत्तरं देतो. मुलांची असतात बहुतेक. कोणी आभार मानतं, कोणी नाही."

मला हे ठाऊकच नव्हतं! इतकी वर्षं मी मनात त्याला कृतघ्न समजत होतो. इर्जिकीचा हिशोब असाच असतो की. ज्याने आपलं रान नांगरलं त्यालाच परत द्यावं लागतं असं नाही, ज्याची पाळी असेल त्याच्या रानात बैल न्यायचे. भाच्याने तो हिशोब माझ्याआधी ओळखला होता.

तरीही माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. आमच्या रानात इर्जिक झाली की संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत वडील एकेकाचं नाव घेऊन आग्रह करायचे. नाव घेतल्याशिवाय वाढायचे नाहीत. म्हणून वर जी नावं मला सापडली ती मुद्दाम लिहिली आहेत. एक नाव राहिलं, ते भाच्यालाही आठवत नाही. त्याच्या नावाचं पान इथे मांडून ठेवतो.

असो. बरंच लांबलं. पुढच्या वेळी काहीतरी हलकंफुलकं लिहीन.